काकाला वगळून

शिलुतेत नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
वैदोतास काका दुकानाची फळी लावतो
आणि मेणाचा वास भरलेल्या त्या खोलीत
मी लॅपटॉप उघडते.
काल किती आले?

काका अकॉर्डियन दुरुस्त करतो.
फाटके भाते, गंजलेल्या पट्ट्या,
कुणाच्या तरी लग्नात रात्रभर वाजून
मग चाळीस वर्षं पोटमाळ्यावर गप्प बसलेल्या पेट्या.

वेबसाइट मी करून दिली, ईस्टरच्या सुट्टीत.
माथ्यावर ठळक अक्षरं:
बाल्टिक किनाऱ्यावरची सर्वोत्तम सेवा. विश्वास. गुणवत्ता.
काकाने वाचलं, विचारलं,
"हे कोणाबद्दल आहे?"

लोक यायचे,
सहा सेकंद उंबऱ्यात उभे राहायचे
आणि चपला न काढताच परत फिरायचे.

एक मात्र निष्ठावान.
रोज रात्री नऊला, आमच्याच गावातून,
पानन् पान उघडणारं, तळापर्यंत जाणारं,
वीस वीस मिनिटं रेंगाळणारं कुणीतरी.
त्याच्या जिवावर आमची सरासरी तरारलेली.
मी मनात एक बाई रंगवली होती:
पोस्टातून निवृत्त, दिवंगत भावाच्या पेटीसाठी
बरणीत पैसे साठवणारी.
तिच्यासाठी सवलतीची लाल पट्टीसुद्धा लावली.

मग एका रात्री विसरलेला मफलर न्यायला परत आले
तर खिडकीत निळा उजेड.
काका. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं,
एका बोटाने स्वतःचंच दुकान
खाली, आणखी खाली सरकवत.
"कुणी येतंय का, बघत होतो."

मी हसले नाही.
घरी जाऊन सेटिंगमध्ये एक खूण केली:
या पत्त्यावरून येणारा मोजू नये.
महिनाभर थांबले.
आलेख बसला, भात्यातली हवा निघून जावी तसा,
एकही सूर न काढता.

उरले नऊ.
नाताळच्या आदल्या रात्री आमच्या टेबलाशी
याहून जास्त माणसं असतात.

पण नऊच असल्यामुळे एकेकाकडे नीट बघता आलं.
सात जण थेट उतरले होते एका आडबाजूच्या पानावर
जे काकाने स्वतः टाइप केलं होतं
आणि ज्याचं शुद्धलेखन तपासायचं मी विसरले होते:
"भात्याला कसर लागली तर काय करू नये."

इथे पोचण्याआधी त्यांनी शोधलं होतं
जुनी पेटी कुबट वास
पट्टी मेणातून सुटली घरी बसवता येते का
वडिलांचा अकॉर्डियन एकच सूर रडतो

दुकान कुणीच शोधत नव्हतं.

मी माथ्यावरची ठळक अक्षरं पुसली. लाल पट्टीही.
काकाला म्हटलं, काम करताना बोलत जा, मी लिहून घेते.
मेण किती तापवायचं, राळ कधी घालायची,
कातड्याची झडप उलटी बसली तर कान काय सांगतो.
तो बोलत सुटला. मला धास्ती.
"सगळंच सांगून टाकलं तर येईल कोण?"
पट्टीवरची धूळ फुंकत म्हणाला,
"ज्याचा हात थरथरेल, तो."

फेब्रुवारीत एक्केचाळीस.
त्यातला एक नॉर्वेतून, त्रोम्सोहून,
मेणाच्या पानावर तीन तास.
मी म्हटलं, पान उघडं टाकून जेवायला गेला असेल.
काका म्हणाला, नाही.
स्क्रू काढून बसलाय.

सतरा दिवसांनी खोकं आलं.
आत पेटी, काडेपेटीत मोजून ठेवलेले स्क्रू,
आणि निळ्या शाईची चिठ्ठी:
आठव्या परिच्छेदापर्यंत जमलं.

काकाने ती ऐरणीमागच्या खिळ्याला टोचली.
मग आठवा परिच्छेद पुन्हा वाचायला मागितला,
दोनदा,
आणि एक वाक्य बदलायला लावलं.

अजूनही रात्री नऊला तो येतो,
सगळी पानं उघडतो, तळापर्यंत जातो.
त्याची मोजणी होत नाही,
हे मी त्याला सांगितलेलं नाही.